खाच उजवीकडे वर

४ सप्टेंबर

बारके,

वर आशीर्वाद लिहावेत की नकोत, यात दोन कागद फुकट गेले. एकेचाळीस वर्षांनी एकदम आशीर्वाद दिले तर तू म्हणशील, म्हाताऱ्याला काहीतरी हवंय. तर हवंच आहे. म्हणून कामाचंच लिहितो.

तुझा पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यात सापडला. बटणांच्या तळाशी, चार घड्या घातलेला. म्हणजे तिच्याकडे तो पहिल्यापासून होता. मला मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, "मला काय ठाऊक कुठे आहे ती." जाऊ दे.

मी अजून स्टुडिओतच असतो. गिऱ्हाईक येत नाही, पण कुलूप उघडायची सवय जात नाही. तर बातमी अशी, की इथल्या मोठ्या कलादालनात माझ्या कामाचं प्रदर्शन भरतंय. पन्नास वर्षं, साठ चेहरे. सगळी आपली जुनी मंडळी भिंतीवर बसणार. तो मफलरवाला नट, ज्याच्या गाडीमागे रस्ता धावायचा. ड्रम वाजवणारा जाडा, मी काठ्या काढून घेतल्यावर हात कुठे ठेवू म्हणून लहान मुलासारखा कावराबावरा झालेला. ती गाणारी, जिने तीन तास मला तिची उजवी बाजू दिसू दिली नाही. आणि तो विनोदी नट, आठवतो? जगाला हसवून हसवून दमलेला. दिव्यासमोर बसला आणि म्हणाला, "आता मी काय करू?" मी म्हटलं, "काही नको." तर डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. कोणाकडून काही न शिकता, जुनी मासिकं चाळत आणि फिल्म नासवत हे काम शिकलेल्या माझ्यासारख्यासाठी हे थोडं नाही.

पण सगळ्यांच्या मधोमध व्हायोलिनवाल्या बाई. त्यांचं पोस्टर करणार आहेत, माणसाच्या दुप्पट उंचीचं. त्यासाठी मूळ निगेटिव्ह पाहिजे. माझ्याकडे आहे ती प्रिंटवरून उतरवलेली नक्कल. एवढी मोठी केली की बाईंचा चेहरा रव्यासारखा दिसतो. मूळ निगेटिव्ह तू गेलीस तेव्हा तुझ्या सामानात चुकून गेली असावी. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून रजिस्टरने पाठव. उद्घाटन वीस नोव्हेंबरला आहे.

बाईंनी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा काय म्हणाल्या, सांगितलं होतं का तुला? चष्मा लावून खूप वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "आरशात दिसते, अगदी तश्शी आहे हो मी." एवढं मोठं सर्टिफिकेट मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही. प्रत्येक मुलाखतीत सांगतो.

वाट बघतो.

तुझा दादा

२२ सप्टेंबर

बारके,

अठरा दिवस झाले. टपालवाल्याला मी रोज दारातच गाठतो. आता तो रस्त्याच्या पलीकडूनच मान हलवतो आणि सुटतो.

तू तोच राग उराशी धरून बसली आहेस, दुसरं काय. मग माझंही ऐक. तेव्हा ऐकलं नाहीस. मी भांडी घासायच्या आवाजात बोलत होतो आणि तू भांडी घासायची थांबली नाहीस.

आपल्या स्टुडिओचा शिक्का एकच होता. गोल, निळा, फोटोच्या पाठीमागे. तू निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या भरायचीस, तू प्रिंटा काढायचीस, आईने मागचे पडदे शिवले. कोणाचं नाव घातलं का मी? माझंही घातलं नाही. शिक्का दुकानाचा. आणि तू एका फोटोसाठी हट्ट धरलास, "याच्याखाली माझं नाव घाल." मी म्हटलं, दुकान कोणाचं? तेवढंच म्हटलं. त्यावर घर सोडून जाण्यासारखं काय होतं?

दिवे मी लावले होते. खुर्ची मी ठेवली होती. काळ्या कापडाखाली डोकं घालून फोकस मी धरला होता, फिल्मही मी सरकवली होती. सगळं तयार होतं. मी तेवढ्यापुरता बाहेर गेलो होतो, महत्त्वाचं काम निघालं म्हणून. शटरच्या नळीचा रबरी फुगा दाबायला काय लागतं? दाराची बेल दाबली म्हणून घर दाबणाऱ्याचं होतं का?

बाईंच्या रेकॉर्डच्या कव्हरवर "छाया" म्हणून माझं नाव छापलं ते कंपनीच्या माणसाने. मी सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं, "फोटोग्राफर तुम्हीच ना?" फोटोग्राफर मीच होतो. मी हो म्हटलं.

त्या चेहऱ्यावर माझं दुकान चाललं, हे मी नाकारत नाही. बावन्न वर्षांच्या बाई, उभा जन्म वाद्यवृंदात मागच्या रांगेत वाजवलेलं, पहिलीच स्वतःची रेकॉर्ड आणि कव्हरवर असं हसणं, की रेकॉर्डच्या दुकानासमोरून जाणारा माणूस मागे वळायचा. मग सगळे माझ्याकडे यायला लागले. "व्हायोलिनवाल्या बाईंसारखा काढा." मोठमोठी माणसं. मी त्यांना चुटके सांगायचो. एकदा तर खुर्चीवरून पडून दाखवलं. हसायचे, पण ते दात दाखवणं. एकेचाळीस वर्षं मी त्या एका हसण्यामागे धावलो. ते पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर आलं नाही.

हे का लिहिलं, माहीत नाही. निगेटिव्ह पाठव.

दादा

ता. क. गुडघे कसे आहेत? आईला होतं तसं तुलाही असणार. शेकत जा.

११ ऑक्टोबर

बारके,

काल एक गोष्ट घडली. ती कोणाला तरी सांगायलाच हवी आणि तुझ्याशिवाय ती कोणाला कळणार नाही.

प्रदर्शनाचं सगळं बघणारी मुलगी, मी तिला प्रदर्शनवाली म्हणतो, बाईंच्या शिष्याला घेऊन आली होती. शिष्य म्हणजे तोही आता साठीचा. पुस्तिकेत बाईंवर चार शब्द लिहिणार आहे. मी कौतुकाने मूळ प्रिंट काढून दिली. त्याने ती हातात धरली, लांब धरली, जवळ धरली. मला वाटलं, गुरूच्या आठवणीने गहिवरला.

म्हणाला, "हा फोटो उलटा आहे."

मी म्हटलं, "डोकं वर आहे, पाय खाली आहेत. उलटा कसा?"

तो कसनुसं हसला. मग त्याने मान वर केली आणि डाव्या जबड्याखाली बोट ठेवलं. काळपट, चामड्यासारखा डाग. "हा बघा माझा. व्हायोलिन इथे दाबतं. रोज सहा-सहा तास, जन्मभर. बाईंचाही इथेच होता, माझ्यापेक्षा मोठा. तुमच्या फोटोत उजव्या जबड्याखाली आहे. आणि मांडीवरच्या व्हायोलिनची हनुवटी टेकायची पट्टी बघा, तीही भलत्याच बाजूला. विशीत असल्यापासून हे कव्हर बघतोय, वाटायचं छापणाऱ्याने घोळ घातला. पण हे तर मुळातच असं आहे."

प्रदर्शनवाली माझ्याकडे बघायला लागली. "असं कसं झालं, सर?"

"जुनी गोष्ट आहे," मी म्हटलं. "आठवत नाही."

बारके, आठवतंय मला सगळं. ते गेल्यावर मी दार ओढून घेतलं आणि स्टुलावर बसून राहिलो.

त्या संध्याकाळी, नावावरून भांडण झाल्यावर, तू डार्करूममध्ये यायला नकार दिला होतास. सकाळी कंपनीचा माणूस यायचा होता. मी सहा-सात वर्षांत प्रिंट काढायच्या एन्लार्जरला हात लावला नव्हता, ते काम तुझं. फिल्मची मंद, चमक नसलेली बाजू खाली, कागदाकडे ठेवायची. अंधारात बाजू कळावी म्हणून तर कोपऱ्यावर खाचा कापलेल्या असतात. मीच तुला शिकवलं होतं, "मंद बाजू आपल्याकडे, खाच उजवीकडे वर. डोळे मिटूनही चुकायचं नाही." आणि रागाच्या भरात मीच उलटी घातली.

ठीक आहे, घातली. चूक होते. पण कागदावर चेहरा उमटला तेव्हा मला दिसायला नको होतं? ज्याने फोटो काढला त्याला बाईंचा डाग कोणत्या बाजूला होता हे विसरता आलं नसतं. फुगा दाबताना माणूस काचेत बघत नाही, काच तर फिल्मने झाकलेली असते. तो कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहून समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनी बघतो. मी बाईंना पाहिलं होतं ते कापडाखालून, मागच्या दुधी काचेवर. तिथे सगळं उलटंच दिसतं. हसताना तर पाहिलंच नव्हतं.

सकाळी प्रिंट बघून तू म्हणालीस, "दादा, नीट बघ." दोनदा म्हणालीस. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

आणि बाई. आरशात दिसते तश्शी! त्यांनी जे दिसलं ते सांगितलं होतं गं. आणि मी ते एकेचाळीस वर्षं छातीवर बिल्ल्यासारखं लावून फिरतोय.

आता ते महत्त्वाचं कामही सांगून टाकतो. मफलरवाल्या नटाची गाडी दाराशी येऊन थांबली होती. तो उतरलाही नाही. काच खाली करून त्याने विचारलं, त्याच्या प्रिंटा झाल्या का. मी खिडकीला धरून पंचवीस मिनिटं उभा होतो, रस्त्यावरचे लोक बघताहेत का हे बघत. आत बाई खुर्चीवर ताटकळलेल्या. मागच्या रांगेतल्या बाई, त्यांची काय घाई, असं मनात आलं होतं. खरंच आलं होतं.

मी आत आलो तेव्हा त्या हसून डोळे पुसत होत्या आणि फुगा तुझ्या हातात होता.

तुम्ही दोघी काय बोललात, हे मी कधी विचारलं नाही. आणि तो डागही पेन्सिलीने भरून टाक म्हणून मी तुला बजावलं होतं. तू भरला नाहीस. भरला असतास तर काल मी वाचलो असतो.

फोटो तू काढलास. लिहिलं बघ शेवटी. या वाक्यापाशी हात एवढा जड का होतो, कोण जाणे.

निगेटिव्ह नको पाठवू. ती तुझी आहे.

दादा

२९ ऑक्टोबर

बारके,

पाकीट आलं. टपालवाला आज स्वतः रस्ता ओलांडून आला.

आत पत्र असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं, दोनदा. मग पुठ्ठ्यावरची पेन्सिल दिसली. "खाच उजवीकडे वर." बस्स. अक्षर तसंच आहे, खिळ्याने कोरल्यासारखं. मला हसू आलं आणि मग हसू कुठे गेलं कळलं नाही.

एवढी वर्षं ओरखडा नाही त्या फिल्मवर. कशात ठेवली होतीस?

डार्करूम उघडली. पाणी जेमतेम येतं, लाल दिवा मिणमिणतो, माझी नजर तर विचारू नकोस. कागद जुना निघाला, दोन काळे झाले. तिसऱ्यावर बाई वर आल्या. बोटं भिजलेली, तशीच प्रिंट उचलून तारेला लावली आणि समोर उभा राहिलो.

तुला ठाऊकच असेल, मला आज कळलं. त्या कॅमेऱ्यात बघतच नाहीयेत. जुन्या फोटोत त्यांची नजर डाव्या अंगाला जायची. मी लोकांना सांगायचो, "बघा, कलावंत आपल्या पलीकडचं काहीतरी बघतोय." डाव्या अंगाला, बारके, आपली कोट अडकवायची खुंटी होती. आज नजर माझ्या उजव्या खांद्यावरून मागे जात होती. इतकी ओळखीची नजर, की मी वळून बघितलं. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या उजव्या बाजूला, फुग्याची नळी जिथे लोंबते, तिथे तू उभी होतीस.

तुझ्याकडे बघून हसताहेत त्या. म्हणून मला कोणालाच तसं हसवता आलं नाही.

ऐकलं, की तू नंतर कॅमेरा हातातच घेतला नाहीस. शाळेत मुलांना शिकवलंस. खरं का ते? मी विचारण्याच्या लायकीचा नाही, पण खरं का?

आता माझं ऐक. मी त्यांना सांगणार. फोटो सुलटा लागेल आणि खाली तुझं नाव असेल. माझा शब्द आहे. याआधी दिलेले शब्द काढून दाखवू नकोस, हा वेगळा.

तुझा दादा

१६ नोव्हेंबर

बारके,

सांगितलं. पण ते सोपं असेल असं मला वाटलं होतं, तिथेच माझं चुकलं.

प्रदर्शनवालीच्या ऑफिसात गेलो. ती भली पोर आहे, मला आधी बसवलं, चहा मागवला. मी सगळं बोललो, गाडीसकट. तिने मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाली, "सर, किती सुंदर गोष्ट आहे ही."

मी म्हटलं, "सुंदर नाही, चोरी आहे. नाव बदला."

"नाव आता कसं बदलणार? पुस्तिका छापून झाली. आणि सर, दिवे तुमचे, मांडणी तुमची. बहिणीने मदत केली, असं म्हणता येईल."

"मदत मी केली. फोटो तिने काढला."

ती उठली. मग मला आतल्या दालनात घेऊन गेली. बाई भिंतीवर लागल्या होत्या, दोन माणसं उंच. तुझ्या निगेटिव्हवरून केलेल्या; प्रत्येक केस मोजून घ्यावा. मी खाली उभा राहिलो आणि बघतो तर डाग उजव्या जबड्याखाली.

"हे पुन्हा उलटं कसं? निगेटिव्ह देताना मी खूण करून दिली होती."

"खूण बघितली, सर. पण सुलटा लावला तर कोणाला ओळखू येईना. आमचा सुतारसुद्धा म्हणाला, काहीतरी चुकलंय. लोकांच्या डोळ्यांत हाच चेहरा बसलाय. म्हणून मुद्दाम फिरवून घेतला."

एकेचाळीस वर्षांपूर्वी मी रागाने केलं ते या शिकलेल्या मुलीने विचार करून केलं. तिला हे मी शिकवलं होतं, इथल्या सगळ्यांना मीच शिकवलं होतं.

निघताना ती म्हणाली, "उद्घाटनाला तुम्ही बोलणारच आहात ना? तेव्हा सांगा. तुमच्या तोंडून ऐकायला लोकांना आवडेल."

हे तिचं मला पटलं. चारशे माणसं असतील. भाषण लिहून काढलंय. एकच पान आहे आणि पहिल्याच ओळीत तू आहेस.

दादा

२३ नोव्हेंबर

बारके,

दोन दिवस लेखणी उचलली नाही. कानावर आलं असेल तर हे वाचू नकोस. आलं नसेल तर माझ्याकडूनच आलेलं बरं.

कोट इस्त्रीचा होता. कागद आतल्या खिशात होता. पहिल्या रांगेत ड्रमवाला जाडा बसला होता, आता हाडांचा सापळा झालेला. मला बघून त्याने दोन्ही हात वर केले आणि बोटांनी हवेत ताल धरला. गाणारी आली होती, चाकाच्या खुर्चीतून, डावी बाजू पुढे करून. सगळे उठून उभे राहिले. माझ्यासाठी उभे राहिले गं. टाळ्या थांबेचनात. शेवटी कोणीतरी मला खुर्ची दिली.

माईक हातात आला. मी कागदाला हात घातला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "आरशाची गोष्ट सांगा!"

आणि मी सांगितली.

कागद हातात होता, बारके. बोटांना लागत होता. आणि तोंड आपलं आपण चालत होतं, जुन्या रस्त्याने घरी येणाऱ्या घोड्यासारखं. चष्मा लावून बाई कशा बसल्या, किती वेळ बघत राहिल्या, मी कसा श्वास रोखून उभा होतो. कुठे थांबायचं ते मला पाठ आहे. तिथे थांबलो. "आरशात दिसते, अगदी तश्शी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिष्य तिसऱ्या रांगेत होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. खाली मान घालून स्वतःच्या जबड्याखाली बोट फिरवत होता.

मी घाबरलो असं तुला वाटेल. घाबरलो नव्हतो. मला बरं वाटत होतं. हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

भाषणाचा कागद सोबत जोडतोय. न वाचलेला आहे, पण लिहिलेला आहे. त्याचा तुला उपयोग नाही. माझ्या घरात मात्र तो नको.

आशीर्वाद द्यायला मी कोण.

दादा

९ डिसेंबर

बारके,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मला वाटलं होतं, आता तू माझी पत्रं न उघडता परत पाठवशील. त्याऐवजी तीन ओळी, आणि त्याही, जे मी एकेचाळीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं त्याच्या. मला त्या पाठ झाल्यात, तरी इथे उतरवतो, लिहिताना नीट कळतं म्हणून:

"बाईंनी विचारलं, 'अगं, फोटोग्राफर कुठे गेले?' मी म्हटलं, 'इथेच आहे की.' आणि फुगा दाबला."

त्यावर हसल्या होत्या होय त्या! मला चुटके सुचायचे ते ससा-कासवाचे. खुर्चीवरून पडत होतो मी, बारके.

कार्ड आलं त्याच सकाळी मी स्टुडिओची दर्शनी काच पुसायला घेतली. त्यात मफलरवाला होता, एकोणचाळीस वर्षं उन्हाने पिवळा पडत. त्याला काढला. बाईंची सुलटी प्रिंट, मी डार्करूममध्ये केलेली ती, पाण्याचा एक डाग आहे कोपऱ्यात, तीच चौकटीत घालून लावली. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं: "हा फोटो माझ्या धाकट्या बहिणीने काढला. मी तेव्हा बाहेर होतो." तुझं नावही घातलं. पूर्ण. पाळण्यातलं. बारकी कोणाला कळणार?

चारशे माणसांसमोर जमलं नाही ते काचेमागे लपून केलं, असं तू म्हणशील. म्हण. खरंच आहे.

पण पुढे काय झालं ते ऐक. पहिल्याच दिवशी शेजारचा शिंपी आला. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. काचेसमोर मान वाकडी करून उभा राहिला आणि आत डोकावून म्हणाला, "काका, फोटो उलटा लागलाय तुमचा."

मी म्हटलं, "उलटा नाही. हाच सुलटा."

"मग प्रदर्शनाच्या जाहिरातींत शहरभर लागलेत ते?"

"ते उलटे."

"सगळे?"

"सगळे."

त्याने टाचण्या हातावर काढल्या. "बरं वाटत नाहीये का, काका? चहा सांगू?"

दुपारी दोन शाळामास्तरणी. संध्याकाळी कोपऱ्यावरचा औषधवाला. दुसऱ्या दिवशी टपालवाला, म्हणाला, "घाईत लावलात वाटतं." खालचा पुठ्ठा कोणी वाचत नाही. सगळ्यांना फक्त फोटो उलटा दिसतो. भले लोक आहेत, म्हाताऱ्याची चूक सांभाळून सांगतात. एकाने तर काच उघडून फिरवून द्यायची तयारी दाखवली.

पहिले दोन दिवस मी चिडलो. तिसऱ्या दिवशी शिंप्याला आत बोलावलं आणि पहिल्यापासून सांगितलं. गाडी, मफलर, मी कुठे उभा होतो, तू कुठे उभी होतीस, खाच कुठे असते. चांगला अर्धा तास. ऐकून तो म्हणाला, "मग इतके दिवस का नाही बोललात?" या प्रश्नापाशी मी रोज अडकतो. रोज वेगळं उत्तर देतो, आणि प्रत्येक उत्तर देताना आदल्या दिवशीचं खोटं होतं हे कळतं.

काल शिष्य आला होता. तो एकटाच असा, की काचेसमोर थांबला आणि काही न बोलता हसला. जाताना म्हणाला, "आज बाई भेटल्या."

प्रदर्शन महिनाअखेरीस संपेल. मग ते पोस्टर गुंडाळून मला देणार आहेत म्हणे, आठवण म्हणून. मी नको म्हटलंय.

निगेटिव्ह या पत्रासोबत, त्याच पुठ्ठ्यांत, रजिस्टरने. मंद बाजू तुझ्याकडे ठेवून सरकवली आहे, खाच उजवीकडे वर. तीनदा तपासली. तू पाहशीलच. नक्कल मी कात्रीने कापून टाकली, म्हणजे आता आहे ती एवढीच, आणि ती तुझ्या घरात आहे.

ये म्हणत नाही. एवढंच सांगतो, की कॅमेरा अजून तिवईवर आहे आणि फुगा मी नवा घातलाय. जुन्याला चिरा गेल्या होत्या.

हे लिहीत असतानाच कोणीतरी काचेवर टकटक केलं. छत्रीवाले एक गृहस्थ आहेत, ओळखीचे नाहीत. बोटाने फोटोकडे दाखवून हाताने उलट-सुलट अशी खूण करताहेत.

मी स्टूल पुढे सरकवलंय. त्यांना म्हटलं, "या, बसा. त्या दिवशी मी बाहेर होतो."

तुझा दादा